मेंढरांत बसून काढलेला माळढोक

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनचं आहे ते. परंड्याच्या शाळेत गणित शिकवतानाही मी वर्गभर येरझाऱ्या घालायचो. अशा माणसाला रानातल्या पाखरांचे फोटो काढायचं वेड लागावं, यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास बसत नाही.

कारण झाला मेहुणा. सोलापूरहून येताना त्यानं आपला जुना, पेटीसारखा कॅमेरा माझ्या गळ्यात मारला. एका रोलवर आठ फोटो, बाजूला एक कळ, ती दाबली की टक. तेव्हा निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. गावात रोज नवी आवई उठायची, रोज कुणीतरी बिऱ्हाड गाडीत घालून हद्दीपलीकडं, बार्शीला जायचं. आपल्यालाही एक दिवस हे सगळं सोडावं लागणार, या धास्तीनं माझा जीव थाऱ्यावर नसे. जायच्या आधी आपल्या माळावरचा माळढोक फोटोत धरायचाच, असं मी मनाशी पक्कं केलं.

पहिला रोल मी चार दिवसांत उडवला. पक्षी दिसला की मी धावायचो, तो लांब लांब ढांगा टाकत निघायचा, मी पळता पळता कळ दाबायचो. बार्शीच्या फोटोवाल्याकडून धुऊन आलेले आठही फोटो बायकोनं दारातल्या उजेडात पाहिले.

"माळ छान आलाय," ती म्हणाली. "पण तो तर आपल्या खिडकीतून फुकट दिसतो की हो."

माळढोक म्हणून मी बोट ठेवलं तो ठिपका तिनं नखानं खरवडून पाहिला. मला राग आला. तिचं खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

माळावर मेंढरं चारणारा एक म्हातारा धनगर माझी ही पळापळ बघत असे. एकदा त्यानंच हाक मारली.

"मास्तर, त्येच्या मागं कशाला पळता? माज्या मेंढरांत येऊन बसा. मेंढरास्नी त्यो भेत न्हाय."

"किती वेळ बसायचं?"

"त्यो येईस्तवर."

शाळेला शुक्रवारची सुट्टी असे. पहिल्या शुक्रवारी मी घोंगडं पांघरून मेंढरांत बसलो. घाम, लेंड्यांचा वास, पायावर मुंग्या. पक्षी निम्म्या वाटेवर आला आणि मी पाय झाडत उठलो. तो गेला. "उठलाव," एवढंच धनगर म्हणाला. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. मी त्याच्यावर खेकसलो, स्वतःवर खेकसलो, आणि तिसऱ्या शुक्रवारी परत जाऊन बसलो.

त्या दिवशी माळढोक आला. मेंढरं चरत होती तिथंच, पंधरा पावलांवर उभा राहिला. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून छातीच्या खाली सोडली, शेपूट पाठीवर उलटं टाकलं आणि असा घुमला की तो आवाज मला पोटात जाणवला. मी आठही फोटो घेतले. बूड जागचं हललं नाही.

"फोटू आला की मला दावा," धनगर म्हणाला. "माज्या मेंढरांत काढलाय."

लगेच शनिवारी मी रजा टाकून बार्शीच्या मोटारीत बसलो. हद्दीवरच्या नाक्यावर मोटार थांबली. तलाशी चालली होती. कारकुनानं माझ्या पिशवीतला रोल काढून बाजूला ठेवला. "बैठो मास्टर, चाय पी के देखते." माझ्याबरोबरचा एक कापडवाला बाकावर मुकाट्यानं बसला. मी बसलो नाही. मोटारवाला भोंगा वाजवत होता, माझा जीव खालीवर होत होता. दोनदा आत डोकावलो. तिसऱ्यांदा सरळ जाऊन रोल उचलायला गेलो.

त्यानं माझं मनगट धरलं. "क्या है इसमें?"

"पंछी."

"पंछी? इत्ते में?"

मी ओरडलो की खोलू नका, उजेड लागला की संपलं. त्यामुळं त्याचा संशय पक्का झाला. दारात येऊन त्यानं कागद फाडला आणि सगळी पट्टी भर उन्हात हातभर लांब उलगडून उलटसुलट पाहिली.

"कुछ भी तो नहीं है," म्हणाला आणि मला परत दिली. कापडवाल्याचं गाठोडं त्यानं नंतर नुसतं दाबून पाहिलं आणि सोडलं.

मोटारीत न चढता मी चालत मागं फिरलो. वाटभर त्या कारकुनाला शिव्या देत होतो. घर येईपर्यंत शिव्या संपल्या.

पुढच्या शुक्रवारी माळावर गेलो. मला बघून धनगर पुढं आला. धोतराला हात पुसून त्यानं तो पसरला, फोटो घ्यायला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"त्यो बसा म्हणला व्हता?"

"हो."

हात मागं घेऊन त्यानं काठीवर ठेवला.

"आन् तुमी उठलाव."