सूर्यफुलाच्या पेंडीचा हट्ट

पिल्लांच्या खाद्याची चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवल्याशिवाय सर पोतं शिवू द्यायचे नाहीत. डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, "शिवा. आपल्या कँटीनपेक्षा बरं आहे."

हडपसरच्या आमच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात ते संशोधन बघायचे. संशोधन म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा, मागच्या शेडमधली पिल्लं आणि हाताखाली मी. कर्वेनगरहून बस बदलत यायचे आणि आल्यावर पाच मिनिटं नुसते बसून राहायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. कामाने दमत नाही, तेच तेच समजावून सांगून दमतो.

सरांचं म्हणणं साधं होतं. वाढत्या पिल्लांना सगळं सोयाबीनच कशाला? थोडी सूर्यफुलाची पेंड घालावी. तिच्यातला चोथा पिल्लांना पचत नाही, म्हणून तो फोडणारं एन्झाइम सोबत द्यावं. मालक दरवर्षी "बघू" म्हणायचे. सर बाहेर येऊन मला सांगायचे, "चला, यंदाचं बघून झालं."

निवृत्तीच्या वर्षी एकदाची एका चाचणीला परवानगी मिळाली. ती मी घालवली.

खाद्याच्या गोळ्या पाडताना वाफ देतात. त्या उष्णतेत एन्झाइम निकामी होतं, म्हणून ते गोळ्या गार झाल्यावर वरून फवारायचं. हे मला दहादा सांगून झालं होतं. त्या दिवशी सर रजेवर होते, यंत्र दुसऱ्या मालासाठी लवकर मोकळं करायचं होतं. मी ते आधीच पिठात ओतून टाकलं आणि कुणाला बोलले नाही.

पिल्लं वाढेनात. तिसऱ्या आठवड्यात सरांनी एक पिल्लू तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "फवारणीचा पंप कोरडा कसा हो?"

मला रडूच आलं. मालकांना सांगते, म्हटलं.

"नका सांगू. तुमची नोकरी नवी आहे, माझी संपतेच आहे. आणि रडू नका, पिल्लं बिचकतात."

अहवालात त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं, "मिसळण्यातली चूक माझी, चाचणी पुन्हा घ्यावी." मालकांनी पहिलं अर्धं वाक्य वाचलं. निरोप समारंभात नारळ देताना त्यांनी त्यावर विनोदही केला आणि लोक हसले. मी टाळ्या वाजवल्या. त्याची लाज अजून वाटते.

पुढे सर अधूनमधून फोन करायचे. चाचणीचं कधी काढलं नाही. "पिल्लं बरी आहेत ना?" एवढंच विचारायचे.

यंदा सोयाबीन मिळेना, तेव्हा मालकांना पेंड आठवली. मी गार गोळ्यांवर फवारणी केली. पिल्लं सोयाबीनवरच्यांइतकीच भरली. मालक खूश झाले. "सरांना जमलं नव्हतं ते तुम्ही केलंत," म्हणाले.

"साहेब, तेव्हाची चूक माझी होती. त्यांनी स्वतःवर घेतली."

मालकांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "जाऊ द्या हो मॅडम. आता काय त्याचं."

खरंच होतं. सरांना जाऊन सहा महिने झाले होते.