मायाताईंनी लिहिलेली बाई

औंधला यमाईच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या दुकानाच्या गाळ्यात मायाताई कोळेकर दर रविवारी लेखनाचा वर्ग घेतात. मी फलटणहून एसटीनं जाते. शाळेत मराठी शिकवते आणि जमेल तशा कथा लिहिते. साखर कारखान्यात नोकरी करणारा ऋषिराज येतो, खटावच्या दोन अंगणवाडी सेविका येतात. ताई आमचं लिखाण वाचतात आणि तांबड्या पेनाशिवाय, नुसत्या प्रश्नांनी, आम्हाला घाम फोडतात.

एकदा मी एक कथा वाचून दाखवली. तिच्यातली शेजारीण शेवटी आंधळी होते.

ताईंनी विचारलं, "आंधळी का झाली?"

"शेवट उठावदार होतो म्हणून."

ताईंनी बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. आपण स्वतः लिहायचं का सोडलं, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. त्यांच्या तोंडून ऐकलं तसंच लिहिते आहे, त्यांच्या परवानगीनं.

मायाताई कवठेमहांकाळ भागातल्या. वडील मेंढरं राखायचे. वर्षातले आठ महिने घर पाठीवर. ताई मात्र आत्याकडं राहून शिकल्या आणि सांगलीच्या एका दैनिकात लागल्या. सुरुवातीला त्यांच्याकडं निधनवार्ता होत्या. गेलेल्या माणसाच्या घरच्यांशी चार शब्द बोलल्याशिवाय त्या बातमी लिहीत नसत, म्हणून संपादक वैतागायचे. पुढं तालुक्याच्या बातम्या आल्या, कोर्ट आलं. मोठ्या दुष्काळात माण तालुक्यातल्या चारा छावण्यांवर त्यांनी महिनेच्या महिने काढले. जनावरांमागं माणसंही छावणीतच राहायची. भर दुपारी पालाच्या सावलीला बसून बाया बोलत आणि ताई ऐकत. किती जणींचं ऐकलं, त्याला गणती नाही.

मधल्या काळात त्यांनी रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या. त्या कुणाच्या तरी कानावर पडल्या आणि मुंबईहून मालिकेचे संवाद लिहायला बोलावणं आलं. गावाकडची बोली लिहिणारं माणूस हवं होतं. ताई गेल्या आणि चांगल्या रुजल्या. एका मालिकेचं तर चित्रीकरणच वाईजवळच्या खेड्यात होतं. ताई तिथंच खोली घेऊन राहत आणि सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी कॅमेऱ्यापुढं उभा राही.

त्या मालिकेत एक बाई घर सोडून जाते, असा प्रसंग होता. कारण काय दाखवायचं, ते कुणाचंच ठरत नव्हतं. ताईंनी एका बैठकीत लिहून टाकलं. दुपारची वेळ. चुलीवर दूध. बाई उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याला म्हणते, "दूध ठेवलंय, ध्यान द्या. माझी सावली रानात राहिली, तेवढी घिऊन येते." आणि जाते ती जातेच.

भाग दाखवला गेला. लोकांना आवडला. काही दिवसांनी एक म्हातारा चित्रीकरणाच्या ठिकाणी आला. ताठ कणा, कडक इस्त्रीचा शर्ट, जुना फौजी असावा असा. नाव हरिबा, म्हसवडकडच्या एका वाडीचा. लिहिणाऱ्या बाईला भेटायचंय म्हणून सकाळपासून बसून होता.

ताई समोर आल्यावर त्यानं विचारलं, "बाई, त्ये सावलीचं तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच लिहिलं."

"न्हाई," हरिबा शांतपणे म्हणाला. "माझी बायकू धोंडुबाई आसंच म्हणून गेली. ह्येच शबुद. घरात आमी दोघंच हुतो. म्या कुणाला सांगितलं न्हाई, लोक तिला येडी म्हणाले आसते. दूध उतू गेलं, ती आली न्हाई."

 ताईंनी विचारलं, "कधी गेल्या?"

"छावण्या चालू हुत्या तवा."

म्हणजे ताई त्याच भागात होत्या, तेव्हा. एखाद्या दुपारी त्या बाईनंच हे आपल्याला सांगितलं असेल काय? आठवू लागल्या तर खरोखर एक चेहरा डोळ्यांपुढं आला. पण तो पाहिलेला होता की आता मनानं बनवलेला, ते त्यांना कळेना.

"मला वाटतंय, मी त्यांना छावणीवर पाहिलं असेल," त्या म्हणाल्या.

हरिबा पुढं सरकला. "कशी हुती?"

"हिरवं लुगडं."

"व्हय."

"हनुवटीवर गोंदण. तीन ठिपके."

"व्हय."

"उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग."

"भाकरीच्या तव्याचा," हरिबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

 आपण जे बोलू त्याला हा माणूस 'व्हय'च म्हणणार, असं ताईंना वाटलं. आशेला लागलेलं माणूस कशालाही मान डोलावतं. खात्री करावी म्हणून त्यांनी मुद्दाम एक खोटी गोष्ट ठोकून दिली.

"आणि डाव्या पायानं लंगडत होत्या."

या वेळी 'व्हय' आलं नाही. ताईंना सुटल्यासारखं वाटलं. आता म्हणेल, ही ती नव्हे, आणि उठून जाईल.

पण तो विचार करून म्हणाला, "घरातनं गेली तवा लंगडत न्हवती. मागनं झालं आसंल. बरं झालं सांगितलंत. म्या धडधाकट बाई हुडकत हुतो, म्हणून गावली न्हाई."

ताई काही बोलायच्या आत त्यानं हात जोडले आणि तो निघालाही. त्याला हाक मारून खरं सांगावं म्हणून त्या रस्त्यापर्यंत गेल्या. तोवर तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून लांब गेला होता.

पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला. "बाई, गावली. जतच्या पल्याड एका देवळाच्या पायरीवर बसली हुती. तुमी सांगितलं तशीच. येऊन बघून जावा."

ताई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. वाडी माळावर होती. घरं थोडी, बाभळी जास्त. हरिबाचं घर दाखवायला त्याचा चुलतभाऊ आकाराम सोबत आला. चालता चालता तो हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगू का? ही धोंडूवैनी न्हवं. वैनी उंचीला कमी हुती. आवाज बी न्यारा."

"मग हरिबांना कळत नाही?"

"त्येला कशाचं कळतंय! पर एक हाय. ह्या बाईला घरातलं समदं ठाव हाय. बियाण्याचं गाडगं कुठल्या कोनाड्यात, म्हशीला कुठल्या नावानं हाक मारायची. मी बारका आसताना वैनीनं मला चोरून गूळ दिल्याला. त्ये फकस्त तिला आन मला म्हाईत. ह्या बाईनं परवा मला सांगितलं." तो थांबला. "माझी बायकू त्या घरात पाणी बी पीत न्हाई आता."

हरिबा दारातच होता. दाढी केलेली, चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचं तेज. "बसा, बाई. ती च्या करतीया." आणि आनंदानं तो म्हशीला वैरण टाकायला घरामागच्या परड्यात गेला. आकाराम बाहेरच थांबला होता. सोप्यात ताई एकट्या. बाहेर ऊन इतकं स्वच्छ होतं, की माळावरचा दगड न् दगड दिसत होता.

आतून पावलं आली. एक जोरात पडणारं, एक घासत येणारं.

बाई चहा घेऊन आली. हिरवं लुगडं. हनुवटीवर तीन ठिपके. ताट ठेवायला वाकली तेव्हा मनगटावरचा डाग दिसला. खाली बसताना तिला त्रास झाला. डावा पाय हातानं धरून तिनं बाजूला सारला आणि ताईंकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पुष्कळ दिवसांच्या ओळखीच्या माणसाकडं बघावं, तशी ती बघत होती.

"बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाकी समदं बरूबर केलंसा. मला लंगडी कशापायी केली?"

  बाईनं बशी पुढं सरकवली. "घ्या, निवंल," म्हणाली. ताईंनी चहा प्यायला. तो रोजच्या चहासारखाच होता, गोड आणि आलं घातलेला. 

वाईला परतून त्यांनी मालिका सोडली. निर्मात्याला वाटलं, दुसरीकडं जास्त मिळालं असेल. त्यानंतर त्यांनी एकही पात्र लिहिलं नाही. काही दिवस सांगलीत घरात बसून काढले. मग पूर्वीच्या एका सहकारी बातमीदारानं आपल्या मुलीची कथा वाचायला दिली. ताईंनी ती वाचली आणि त्या मुलीला कथेतल्या माणसांबद्दल प्रश्न विचारले. हा कुठून आला? याला एवढं दुखणं का दिलंस? हा उद्या दारात उभा राहिला तर काय सांगशील? मुलगी आधी रडली, मग तिनं कथा पुन्हा लिहिली, आणि ती चांगली झाली. तिथून औंधच्या वर्गाची सुरुवात.

"मग ती बाई कोण होती?" मी विचारलं.

"बातमीदाराच्या डोक्यानं विचार केला तर एक निराधार बाई. हरिबांनी वाटेत सगळं सांगितलं असेल, तिनं ते धरून ठेवलं," ताई म्हणाल्या. "गोंदण पुष्कळजणींना असतं. भाजल्याचे डागही."

"आणि गूळ?"

त्यांनी माझ्या कथेचे कागद नीट जुळवले आणि माझ्या हातात दिले. 

हे ऐकल्यानंतर, गेल्या उन्हाळ्यात हरिबा वारला. पुण्याहून त्याचे पुतणे आले. बाई परकी आहे, तिला घराबाहेर काढा म्हणाले. गाव जमलं. सगळ्यांना वाटलं, आकाराम आता खरं बोलेल. इतकी वर्षं तोच तर सांगत आला होता. आकाराम उंबऱ्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ही आमची धोंडूवैनी हाय. हिला कुणी हात लावायचा न्हाई." पुतण्यांनी थोडा आवाज केला आणि गेले.

दहाव्याला मायाताई गेल्या होत्या, मी सोबत होते. परतताना ताईंनी आकारामला विचारलं, "आता तुमची खात्री पटली?"

"कशाची खात्री!" तो म्हणाला. त्यानं मागं वळून घराकडं बघितलं. परड्यातून म्हशीला हाक मारल्याचा आवाज येत होता. "पर न्हाई म्हटलं तर तिनं जायाचं कुठं? जिथनं आली तिथं? ती जागा कुठली, ह्ये कुणाला ठाव हाय का?"