शेजारणीची साडी
इस्त्रीखाली तापलेल्या सुती साडीचा वास आला की मला लातूरच्या कोर्टातली ती दुपार आठवते. माझी चार वर्षांची पोर उदगीरला सासरच्यांनी ठेवून घेतली होती आणि वकील लावण्याइतका पैसा माझ्याकडे नव्हता. कोर्टात फुकट वकील मिळतो असं कळलं, पण त्यासाठी गरीब दिसायला हवं, असं आईच्या मनानं घेतलं. तिनं मला शेजारणीची विटकी, ठिगळ लावलेली साडी नेसवली, कानातली फुलंसुद्धा काढून घेतली. कोर्टातल्या वकीलबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, लेकराला सांभाळायची ऐपत हाय का?" मी वाटेत घोकलेलं बोलून गेले, "न्हाई ओ, काहीच न्हाई माझ्याकडं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाईमाणसाला इथं वकील तसाच मिळतो, गरिबी दाखवावी लागत न्हाई. पण जजसाहेबांपुढं असं बोललात, तर लेकरू गेलं समजा." मी शिवणकाम करत होते, त्यात दोघींचं भागलं असतं, आणि तेच मी लपवून बसले होते. आई बाहेर पायरीवर होती. मी सगळं सांगितलं तशी पदराची गाठ सोडून तिनं फुलं माझ्या कानात परत घातली. पुढच्या तारखेला मी माझी स्वतःची साडी कडक इस्त्री करून नेसले आणि म्हटलं, "शिवण करते साहेब. पोरीला काही कमी पडणार न्हाई." आज सकाळी पोरगी तीच साडी इस्त्री करताना म्हणाली, "आई, लई जुनी झाली गं, टाकून दे की." मी म्हटलं, "राहू दे. जाळू नको तेवढी."