मामी बसल्याशिवाय सुरू न होणारी गाडी

बायको वारल्यावर चार वर्षं तिला रोज संध्याकाळी गाडीतून फिरायला नेणारा नवरा सगळ्या मुलुंडात एकच होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. माझ्या बायकोचे हे थोरले मामा. लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा बायकोने जिन्यातच मला दम दिला होता, "गाडीबद्दल काही बोलू नकोस हं. तिला ऐकू जातं, असं मामा म्हणतात." मी हसलो. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी अंधेरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटं जोडत होतो, आणि जे मीटरवर दिसत नाही ते जगात नसतंच, अशी माझी पक्की समजूत होती.

गाडी इंग्रजांच्या वेळची, चॉकलेटी रंगाची, बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. मामा आयुष्यभर फिटर होते, पण तिचं बॉनेट उघडताना चपला शेडबाहेर काढत. तिच्यातला बिघाड सांगायचा तर मला गच्चीवर घेऊन जात आणि तिथेही आवाज खाली आणत. तरी ही गाडी ऐकायची फक्त मामींचं. मामी हात पुसत स्वयंपाकघरातून यायच्या, पदर सावरून डाव्या बाजूला बसायच्या, दार धाडकन ओढून घ्यायच्या, की इंजिन लागलंच. एकदा आम्ही सगळे मढला गेलो होतो. परतताना मामी सुके बोंबील घ्यायला कोळणींकडे रेंगाळल्या, आणि आम्ही चार धडधाकट माणसं तासभर गाडी ढकलत घामाघूम झालो. मामी आल्या, पिशवी पायाशी ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "काय रे, उगाच कशाला ढकलताय तिला?" गाडी सुरू झाली होती.

मग एका पावसाळ्यात मामी गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मामा शेडमध्ये गेले, तेव्हा त्यांना सोबत म्हणून मी मागे गेलो. त्यांनी डावीकडचं दार उघडलं. एखाद्या बाईला निऱ्या सावरून बसायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते दार धरून उभे राहिले. मग हळूच, घरच्या मालवणीत म्हणाले, "बस गो, उशीर झालो." दार लावलं, वळसा घालून आपल्या जागेवर आले आणि स्टार्टर दाबला. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

माझ्यातला शहाणा गप्प बसेना. मी मामांना गच्चीवर नेऊन समजावलं की, डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे पॉइंट असतात, ते टेकतात आणि सुटतात, म्हणून प्लगला ठिणगी मिळते. तुमच्या पॉइंटवर दमटपणाने काजळी धरते, दार आपटलं की धक्क्याने ते नीट टेकतात. एवढंच. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला खाली आणलं आणि म्हणाले, "आपटा बघू." मी दार आपटलं. स्टार्टर नुसता घरघरला. पुन्हा आपटलं, पुन्हा तेच. मग मामांनी दार उघडलं, थांबले, दोन शब्द बोलले आणि फुलासारखं अलगद लावलं. गाडी लागली. मी स्वतः स्टार्टरपाशी बसून त्यांना तीन वेळा हे करायला लावलं, आणि तिसऱ्यांदा मला स्टार्टर दाबायचीही हिंमत होईना.

त्यानंतर मी कायम मागच्या सीटवर बसत आलो. पुढे डावीकडे कोणीच बसत नसे. भांडुपचा एक मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकायला म्हणून तिथे बसला, तर गाडी जागच्या जागी बंद पडली आणि तो उतरेपर्यंत हूं की चूं करेना. तो मामांना म्हणाला, "साहेब, आपल्याला नाय जमणार ही. दुसरीकडे बघा," आणि आपली पान्ह्यांची पिशवी न घेताच गेला. मी मात्र हट्टाने कारणं शोधत होतो. एका रविवारी सकाळी मामांनी दार धरलं होतं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती रिकामी सीट करकरली आणि तिच्या रेक्झिनवरची सुरकुती सपाट झाली. उन्हाने रेक्झिन ताणलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. गाडी सावलीत उभी होती.

चौथ्या वर्षी पॉइंट पार जळले. घासून घासून त्यांच्यात काही उरलं नव्हतं आणि तसले नवे कुठे मिळेनात. गाडी महिनाभर हलली नाही, तेव्हा सोसायटीने ती भंगारात द्या म्हणून तगादा लावला. मी मामांना उपाय सांगितला. पॉइंट काढून टाकायचे, त्यांच्या जागी खाचांची चकती आणि उजेडावर चालणारा सेन्सर बसवायचा, ठिणगीचं काम ट्रान्झिस्टर करेल. "काही कशाला टेकतच नाही, मामा, त्यामुळे झिजायचा प्रश्नच नाही. कोणीही बसा, कोणीही आपटा, गाडी सुरू होणारच."

"कोणी नाही बसलं तरी?" मामांनी विचारलं.

गाडी भंगारात गेली तर मामींना यायला जागा राहणार नव्हती, आणि गाडी माझ्या पद्धतीने सुरू झाली तर त्यांना यायचं कारण राहणार नव्हतं. मामांनी आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी म्हणाले, "करा. भंगारात तिला नाही घालायची."

शनिवारी दुपारी काम काढलं. बॅटरीची वायर सोडवली, डिस्ट्रिब्युटरची टोपी उचलली, स्क्रू काढून जुने पॉइंट चिमट्याने बाहेर घेतले. त्याच क्षणी डावीकडचं दार खट् करून उघडलं आणि हळूहळू पूर्ण बाहेर आलं. शेडमध्ये वारा नव्हता आणि जमीन सपाट होती. हे मी नंतर पाणसळ लावून पाहिलंय. मामा पाठमोरे, फडक्याने हात पुसत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "उतरली वाटतं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने मामांनीच जाऊन ते दार लावलं, या वेळी काही न बोलता.

संध्याकाळी सगळं जोडून झालं. मामा सरळ आपल्या जागेवर जाऊन बसले. डावीकडे गेले नाहीत. स्टार्टरवर बोट ठेवून ते कितीतरी वेळ थांबले, आणि खरं सांगतो, माझंच सर्किट चालू नये म्हणून मी मनात देवाला हात जोडले. गाडी सुरू झाली. एकही ठोका न चुकता, गुळगुळीत. असा आवाज तिने कधीच काढला नव्हता.

मामा ऐकत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"चार वर्षं बोलवत होतो मी तिला," ते म्हणाले. "गुडघे दुखायचे तिचे. तरी यायची बिचारी, रोज. आता नको यायला."

मी हत्यारं आवरायला घेतली.

त्यानंतर ती गाडी एकदाही बंद पडली नाही. भर पावसात, दमट हवेत, कधीही दाबा, सुरू. मामा मात्र संध्याकाळचे फिरायला जाईनासे झाले. रविवारी इंजिन पाच मिनिटं चालवायचे आणि मी गेलो की कौतुकाने सांगायचे, "तुमचं मशीन झकास चालतंय, जावईबापू." त्या कामाचा मला तेव्हा फार अभिमान होता. आता वाटतं, सोल्डरचा एखादा टाका मी कच्चा ठेवायला हवा होता.