महिपत शेलारची काशीबाई

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर डोंगराच्या अंगाला शेलारांची वाडी आहे. वाडीत घरं थोडी आणि मानपान पुष्कळ. शिमग्यात देवाची पालखी आधी वरच्या अंगणात नाचवायची की खालच्या, यावरून दोन घरांत पिढ्यानपिढ्या भांडण चालत आलं होतं. दर वर्षी कोणीतरी म्हातारा मध्ये पडायचा आणि भांडण पुढल्या वर्षावर ढकलायचा. २०१२ साली तो म्हातारा आजारी होता.

खालचं घर महिपतचं, वरचं त्याचा चुलतभाऊ गोमाजी याचं. मध्ये दगडी बांध. दोघं एकत्र वाढले, एकाच शाळेत गेले आणि एकाच इयत्तेत शाळा सोडली. महिपत तिशीतला, अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. भाताची थोडी शेती, घरात आई गोदूबाई. त्याचं लग्न ठरत आलं होतं.

त्या दुपारी पालखी वरच्या अंगणाच्या कडेला अडली. गोमाजी म्हणाला, आधी आमच्याकडे. महिपतनं पालखीचा दांडा खाली ओढला. गोमाजीनं त्याच्या मेलेल्या बापावरून शिवी दिली, आणि महिपतनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. गोमाजी मागच्या मागे बांधावरून खाली पडला. डोकं दगडावर आपटलं. पोलादपूरला दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. पालखी त्या वर्षी कोणाच्याच अंगणात गेली नाही.

माणगावच्या कोर्टात खटला उभा राहिला. वकिलानं महिपतला पढवलं होतं, 'गर्दीत धक्का लागला' एवढंच सांग. साहेबांनी विचारल्यावर महिपत म्हणाला, "लागला नाय. दिला."

वकिलानं कागद आवरायला घेतले.

गोमाजीची बायको उज्वला प्रत्येक तारखेला येऊन समोरच्या बाकावर बसायची. रडायची नाही, बोलायची नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ती मूठ हनुवटीखाली दाबायची आणि फरशीकडे बघत राहायची. महिपतला पिंजऱ्यातून दुसरं काही दिसत नव्हतं, म्हणून तो तेच बघत राहायचा. सदोष मनुष्यवधाची सात वर्षं सक्तमजुरी झाली. ठरत आलेलं लग्न ठरायचं थांबलं.

तुरुंगात त्याला धोबीखात्यात घातलं. तिथं तीन-चार वर्षं गेल्यावर पुण्याहून श्रुतिका नावाची एक बाई नाटक बसवायला येऊ लागली. कैद्यांपैकी काहींना नाटकाची आवड होती, काहींना वाटत होतं की त्यामुळे सुटकेच्या अर्जाला जोर येईल. महिपत गेला कारण तालमीच्या खोलीत पंखा होता.

नाटक साधं होतं. काशीबाई नावाच्या बाईचा नवरा पुरात वाहून जातो. माणसं भेटायला येतात, एकेक जण आपलंच रडगाणं सांगून निघून जातो, आणि काशीबाई मध्यभागी बसून ऐकते. तिला संवाद फारसे नव्हते. महिपतला मिशी नव्हती आणि तो बोलत नसे. तेवढ्यावर काशीबाईचं काम त्याला मिळालं.

पहिल्या तालमीत तो साडीचा पदर घेऊन एसटीची वाट बघत असल्यासारखा बसला.

श्रुतिका म्हणाली, "महिपतराव, बाईचा नवरा गेलाय."

"मला रडता येत नाय, ताई."

"रडू नका. नवरा गेलेली बाई गप्प कशी बसते, ते बघितलंय का कुठे?"

महिपतनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाला, "बघितलंय." पदराचं टोक मुठीत धरून त्यानं ती मूठ हनुवटीखाली दाबली आणि फरशीकडे बघत बसला. समोर दिराचं काम करणारा कैदी आपलं वाक्य विसरला. ते आठवून देण्याचं श्रुतिकालाही सुचलं नाही.

नंतर तिनं विचारलं, "हे कुणाचं?"

"गावातल्या एकीचं," तो म्हणाला.

प्रयोग तुरुंगातच झाला. अधिकारी सहकुटुंब आले होते. एक हवालदार मध्येच उठून बाहेर गेला आणि डोळे पुसत आत आला. त्यानं सांगितलं की सर्दी झाली आहे.

२०१८ साली शिक्षेत मिळालेली माफी धरून महिपत सुटला. वाडीनं त्याला वाळीत टाकलं नाही, फक्त तो आला की गप्पा थांबायच्या. बांधापलीकडे उज्वला मुलीला घेऊन राहत होती. रोज सकाळी दार उघडलं की समोर तो बांध. महिन्याभरात तो पोलादपूरला हायवेवरच्या एका हॉटेलात कप विसळायला लागला. गोदूबाईनं अडवलं नाही. "जवळच हायस, तेवढं बास," म्हणाली.

तिथंच श्रुतिकाचा फोन आला. काशीबाई आता बाहेर, खऱ्या रंगमंचावर करायची होती. तो गेला. पुण्यात आणि मुंबईत प्रयोग झाले. माणसं कैदी बघायला यायची आणि काशीबाईबद्दल बोलत घरी जायची. त्यातल्याच एकानं त्याला सिनेमात घेतलं. काम नावाड्याचं होतं. महिपतला पोहता येत नव्हतं, पण होडी सिनेमाभर काठालाच बांधलेली होती. त्या कामाला बक्षिसं मिळाली. मग एका मालिकेत तो इन्स्पेक्टर झाला, आणि पोलादपूरच्या हॉटेलमालकानं गल्ल्याच्या मागे त्याचा वर्दीतला फोटो लावला. खाली लिहिलं, 'आमचा माणूस'. कप आता दुसरा कोणीतरी विसळतो.

महाडला काशीबाईचा प्रयोग आमच्या नाट्यमंडळानं ठेवला तो २०२३ च्या डिसेंबरात. सभागृहाच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वीच्या पुराची रेघ तशीच होती. रंगवायचं ठरत होतं, पण रंग ठरत नव्हता. पहिली घंटा झाली तेव्हा महिपत पडद्याच्या फटीतून बघत होता. नऊवारी नेसलेला, अंबाडा लावलेला. मागे वळून मला म्हणाला, "आज नको करूया."

"काय झालं?"

"वहिनी आलीय."

तिसऱ्या रांगेत उज्वला बसली होती, शेजारी तिची मुलगी अपेक्षा. अपेक्षा मुंबईला नोकरी करते. तिनंच आईला आणलं होतं. मी महिपतला म्हणालो, लोक आलेत, आता थांबवता येणार नाही. तो ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होता, ती मला अजून आठवते. मग तो जाऊन आपल्या जागी बसला.

त्या दिवशी त्यानं पदर हातात घेतला, पण मूठ हनुवटीपर्यंत जायला फार वेळ लागला. प्रेक्षकांना ते अभिनयातलंच वाटलं. टाळ्या खूप पडल्या. तिसऱ्या रांगेत दोघीजणी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

प्रयोगानंतर उज्वला एकटीच रंगपटात आली. महिपत अंबाडा काढून, नऊवारीतच खुर्चीवर बसला होता. तो उभा राहिला. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाला, "थांबा." मी दाराशी थांबलो.

"भावजी, ती मीच ना?" उज्वलानं विचारलं.

"व्हय, वहिनी."

"मला इचारलं नाय तुम्ही."

"नाय इचारलं. कुठल्या तोंडानं इचारणार?"

ती जरा वेळ आरशाभोवतीच्या दिव्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि चुकीचं करताय. तुम्ही बसता ती बाई बिचारी दिसते. मी बिचारी नव्हते. मला तुमचा राग आला होता. इतका, की पदर धरला नसता तर कोर्टात उठून तुमच्या अंगावर आले असते. ती मूठ रागाची हाय."

महिपतनं मान खाली घातली. "बंद करतो हे काम."

"बंद कशाला करता? नीट करा." आणि दाराशी येऊन मला म्हणाली, "कापड्याची गाडी गेली का हो?"

गाडी गेली होती. आम्ही त्यांना रिक्षा करून दिली. महिपत साडी सोडायची विसरून दारापर्यंत आला आणि रिक्षा वळेपर्यंत उभा राहिला. रस्त्यावरच्या लोकांनी त्याचे फोटो काढले.

पुढल्या प्रयोगापासून काशीबाई बदलली. भेटायला आलेल्या माणसांसमोर ती आता अशी बसायची की समोरचा नट दोन पावलं मागेच उभा राही. श्रुतिका आधी चिडली, मग तिनं नटांच्या जागा बदलून घेतल्या. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात आलं की काशीबाई पूर्वीइतकी हृदयाला भिडत नाही. महिपतला कोणीतरी ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर हाय."

आता शूटिंग नसलं की तो वाडीला असतो. घराला पत्रे घातलेत, गोदूबाईसाठी मोठा टीव्ही आणलाय. उज्वला त्याच्याशी बोलते, कामापुरतं. गाय कोणाच्या शेतात शिरली, पाण्याचा पाईप कुठं फुटला, असं. गेल्या मे महिन्यात त्यानं धीर करून विचारलं, मालिका बघता का माझी? ती म्हणाली, नाय. त्याच वेळेला दुसरीकडे दुसरी एक मालिका लागते. ती चांगली आहे.