रक्ताने सांगितलेली जखम

“पाय हलव,” डॉक्टर म्हणाले.

“हलवतेय की,” मी म्हणाले.

त्यांनी आईकडे पाहिलं. मी डोळे खाली वळवले. चादर हलत नव्हती.

स्पायनल कॉर्ड इंज्युरी. म्हणजे मेंदूचे निरोप पायांपर्यंत नेणाऱ्या मज्जारज्जूला इजा. कमरेजवळचा मणका मोडून त्यात रुतला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

घर उदगीरला, मेडिकलच्या क्लाससाठी मी लातूरला होस्टेलात राहत होते. त्या दुपारी जमीन दोन-तीन सेकंद हलली. इथे ती अधूनमधून हलते. आई भूकंपात पडलेल्या गावची. तिने लहानपणापासून एकच शिकवलं होतं, हललं की आधी बाहेर. जिन्यात मुलींची गर्दी होती. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारली. खोलीतल्या ग्लासातलं पाणीसुद्धा सांडलं नव्हतं, असं मैत्रिणीने नंतर सांगितलं.

मग रोज सीआरपीसाठी रक्त काढायचे. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग असला की ते वाढतं. माझं सुरुवातीला खूप वर होतं, मग उतरू लागलं. आईला क्लासच्या टेस्टचे मार्क बाबांना फोनवर सांगायची सवय. आता ती हे आकडे सांगू लागली. “आजबी उतरलं बघा. आता उठती पोरगी.”

डॉक्टरांनी तिला थांबवलं. “ताई, यावरून आत किती दाह आहे ते कळतं. तो फार असला की आम्हाला काळजी वाटते. पण पाय चालतील का, हे एकटा आकडा सांगत नाही.”

तिसऱ्या आठवड्यात सीआरपी एकदम चढलं. ताप आला. पांढऱ्या पेशी वाढल्या. लघवी तपासली, छातीचा एक्स-रे काढला. काही सापडेना.

पडून पडून जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी माझी कूस बदलून पाठ पाहायची होती. वॉर्डातला पडदा अर्धाच. पलीकडे कुणाचे भाऊ, कुणाचे काका बसलेले. आयाबाई आल्या की मी म्हणायचे, “आईने आत्ताच केलं.” आईला म्हणायचे, “मावशींनी केलं.” दुखत तर काहीच नव्हतं. दोन दिवस वास येत होता. तोही मी सांगितला नाही.

शेवटी डॉक्टरांनी स्वतः मला कुशीवर वळवायला लावलं. आईने तोंडावर पदर धरला. माकडहाडावर तळहाताएवढी काळी जखम होती.

“संवेदना नाही तिथे दुखणार कसं?” डॉक्टर म्हणाले. “अजून उशीर झाला असता तर संसर्ग रक्तात पसरला असता. मग पायांचा प्रश्नच उरला नसता.”

“लाजून लाजून पाठ सडवलीस की गं,” आयाबाई म्हणाल्या. “इतक्या पोरी पुसल्या मी. तुझी काय सोन्याची हाय?”

सडलेला भाग कापला. मला ते कळलंही नाही. पडले त्या दिवसापेक्षा मी तेव्हा जास्त हादरले.

जखम भरेपर्यंत उभं राहण्याचे व्यायाम लांबले. आता उजवा पाय थोडा उचलता येतो. डावा गप्प आहे, कदाचित तसाच राहील. तुमच्या घरी कुणी असं पडून असेल, तर ते “झालं” म्हणाले तरी चादर उचलून बघा. आणि तुम्हीच पडून असाल, तर सांगा. माझ्याऐवजी ते रक्ताने सांगितलं.

काल व्यायामाच्या हॉलमध्ये बरीच माणसं होती. मी हाक मारली, “मावशी, आधी माझी पाठ बघा.” आवाज जरा मोठाच निघाला.

त्यांनी पाहिलं. “कोरडी हाय,” म्हणाल्या.

मग मी आधाराच्या दांड्या धरल्या आणि उभी राहिले.