पाहणीच्या दिवशी वस्तीत पाणी

नगरपरिषदेत मी निवडून आलो तो नुसत्या आवाजाच्या जोरावर. सभागृहात मी बोलायला उठलो की तिकडे स्टँडवरची कारंजाला जाणारी एस.टी. कंडक्टरनं घंटी न मारताच सुटते, असं लोक सांगत. मी कधी नाही म्हटलं नाही.

पण त्या उन्हाळ्यात आवाजानं हंडा भरत नव्हता. माझ्या वॉर्डाच्या टोकाला एक वस्ती आहे. तिथं नळ बसवलेले होते, आणि त्यांच्या तोट्यांत कोळ्यांची पतवंडंसुद्धा लग्नाला आली होती. बाया पाणी आणायच्या गावाबाहेरच्या एका माळ्याच्या विहिरीवरून. माणूस मोठ्या मनाचा. पण विहीर तळाला गेली, वांगी उभ्या उभ्या वाळायला लागली, तेव्हा तो मला म्हणाला, "भाऊ, उद्यापासून मोटरले कुलूप. बगीचा गेला तर माही लेकरं काय खातीन?"

त्याचंही खरं होतं. टँकर पाहिजे होता, आणि तोही लगेच. नशिबानं त्याच दिवशी सभा होती.

"अध्यक्ष साहेब," मी विचारलं, "आमच्या वस्तीले टँकर काहून नाही?"

नगराध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं, मुख्याधिकाऱ्यांनी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे, आणि इंजिनिअरनं पंख्याकडे. पंखा बोलला असता तर मी त्याचंही उत्तर इतिवृत्तात लिहून घेतलं असतं.

"तिथली नळयोजना पूर्ण झालेली आहे," शेवटी मुख्याधिकारी म्हणाले. "तसा दाखला आहे."

"मंग तो दाखला पिळून बायाइले द्या."

सगळे हसले. माझ्या शेजारची नगरसेविका मात्र उठून उभी राहिली. "हसता कायले? एकदा जाऊन डोळ्यानं पाहा ना."

अध्यक्ष अडकले. ठरलं की सकाळी अध्यक्ष आणि मुख्याधिकारी, इंजिनिअरला घेऊन, पाहणीला येतील. पाणी नसलं तर टँकर त्याच दिवशी सुरू.

मी वस्तीत धावत गेलो. बायांना बजावलं, "रिकामे हंडे दारात मांडून ठेवा. बाकी मी पाहतो." सगळ्या हो म्हणाल्या.

सकाळी साहेबांना घेऊन वस्तीत शिरलो, तर काय! गल्लीभर सडा. सड्यावर रांगोळी. प्रत्येक दारात काठोकाठ भरलेला हंडा. पहिल्याच दारात एक म्हातारी तांब्या घेऊन उभी. तिनं अध्यक्षांवरून पाणी ओवाळून टाकलं, मुख्याधिकाऱ्यांना म्हणाली, "पायावर पानी घ्या, साहेब. उन्हातून आले."

मी तिच्या कानाशी लागलो. "माय, रिकामे सांगतले होते ना?"

"पाहुना पह्यल्यांदा दारी येते अन् त्याच्यासमोर रिकामा हंडा?" ती माझ्यावरच डोळे वटारून म्हणाली. "असा अपशकुन करतेत का कोनी?"

विहिरीवरून शेवटचं म्हणून आणून साठवलेलं सगळं पाणी बाहेर आलं होतं. इंजिनिअर भरलेल्या हंड्यांचे फोटो काढत सुटला.

"साहेब, हे विहिरीचं हाये, कालचं," मी ओरडलो. "उद्याले थेंब नाही."

"पण आहे ना," मुख्याधिकारी म्हातारीनं केलेल्या लिंबूसरबताचा दुसरा पेला घेत म्हणाले. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला रागसुद्धा धरता येईना. अध्यक्ष नुसते माझ्याकडे बघून मिशीत हसले.

दुपारी निरोप आला. टँकरची आवश्यकता नाही.

मी परत वस्तीत गेलो. सडा केव्हाच वाळला होता. म्हातारी रांजण आडवा करून आत डोकं घालून बसली होती.

"साहेबाले सरबत गोड लागलं ना?" तिनं आतूनच विचारलं.

"लागलं. दोन पेले घेतले."

"मंग? टँकर कवा येईन?"

मी उंबऱ्यावर बसलो. तिनं डोकं बाहेर काढलं आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच काय ते समजली. मग पुन्हा आत वाकून वाटीनं तळ खरवडायला लागली.

"अर्धी वाटी निघाली," ती म्हणाली. "नातीपुरती होईन."

माळ्यानं मोटरीला कुलूप लावलं होतं. पुढच्या सभेला अजून महिना होता.